सूर्यमाळला घातलेली मागणी

दिवाळीत वाईला घरी गेले आणि चकल्या तळता तळता सहज म्हणाले, "आई, यंदा मी दहा मुलींना मागणी घातली." आईच्या हातातला सोऱ्या तिथल्या तिथे थांबला.

"कुणासाठी गं?"

"सरकारसाठी."

ओसरीवर वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तेच इथे लिहिते आहे. आमच्याकडून काशीला माणसं जातात, पण जव्हार-मोखाड्याला कुणी जात नाही. खरं तर जायला हवं.

जव्हार

जव्हार उंचावर आहे. मे महिन्यातही संध्याकाळी तिथे पदर अंगभर घ्यावासा वाटतो. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. राजवाडा जागेवर होता आणि कचेरीही जागेवर होती, फक्त खुर्च्यांवरची माणसं आता ठाण्याहून बदलून येत. नव्या सरकारने ठरवलं होतं की डोंगरातल्या मुलींनी शिकायचं. त्यासाठी जव्हारला मुलींचं वसतिगृह मंजूर झालं. राहणं, जेवण, कपडे, पाटी-पुस्तक सगळं फुकट. त्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून मला नेमलं.

मी गेले तेव्हा इमारत तयार होती. वीस ताटं, वीस कांबळी, एक स्वयंपाकीण आणि आवारात भरपूर पाण्याची विहीर होती. मुलगी मात्र एकही नव्हती. हुकमाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: शाळा उघडण्याच्या दिवशी किमान दहा मुली हजर नसतील तर मंजुरी रद्द समजावी. शाळा उघडायला महिना उरला होता. "तुम्ही फिरा, मुली मिळतील," कचेरीतले साहेब म्हणाले, जणू मुली म्हणजे करवंदं.

सोबतीला शिपाई दिला, रावजी. पंचावन्नाला टेकलेला, संस्थानच्या वेळचा माणूस. त्याचा कमरेचा पट्टा उलटा होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाईसाहेब, सुलट्या बाजूला राजांची निशाणी हाय. ती आता दाखवायची नाही म्हणतात, आणि नवा पट्टा अजून आला नाही. म्हणून राजांना पोटाकडं ठेवलंय." या माणसाशी आपलं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

जामसर

पहिला मुक्काम जामसर. भाताची खाचरं काळीभोर दिसत होती. मला वाटलं वणवा लागून गेला. रावजीने सांगितलं की हा राब आहे. पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून ठेवायची, म्हणजे पावसात रोप जोमाने येतं. आमच्या कृष्णाकाठी जमीन भाजायची म्हटलं तर लोक ठाण्यात वर्दी देतील.

आंब्याखाली वीस-पंचवीस माणसं जमली. भाषण मी जव्हारलाच पाठ केलं होतं. म्हटलं, "तुमच्या मुली सरकारला द्या. एकदा दिलीत की तुमची काळजी मिटली. खाणंपिणं, लुगडं, अंथरूण-पांघरूण, सरकार काही कमी पडू देणार नाही." रावजी माझं बोलणं त्यांच्या बोलीत सांगत होता. माना डोलल्या. मला धीर आला.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोरगा कथला?"

कथला म्हणजे कुठला. मला वाटलं, मुलग्यांचीही सोय आहे का विचारतोय. "मुलगे नाहीत. ते वेगळ्या इमारतीत असतात. त्यांची गाठसुद्धा पडू देणार नाही."

म्हातारा विचारात पडला. "गाठच नाय पडायची?"

"अजिबात नाही. ती जबाबदारी माझी."

मागच्या बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. "किती पोरी पाह्यजेत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आत्ता दहा. पुढच्या वर्षी आणखी दहा."

"दर सालाला?"

"दर सालाला," मी अभिमानाने म्हणाले.

"बेस," म्हातारा म्हणाला आणि आंब्याच्या शेंड्याकडे बघत बसला. नंतर त्यांनी मला अतिशय मायेने जेवू घातलं. तांदळाची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, करवंदांची चटणी. दोन बायका दोन्ही बाजूंना बसून वारा घालत होत्या. कुणाला झपाटलं असेल तर त्याला असंच जपतात, हे मला फार उशिरा कळलं. डायरीत मी लिहिलं: जामसर, लोक अगत्यशील, अनुकूल वाटतात. मुलगी मात्र एकही मिळाली नाही.

सूर्यमाळ

मोखाड्याला राहून पहाटे सूर्यमाळची चढण धरली. वाटेत रायवळ आंब्यांचा सडा पडलेला. रावजी वाकायचा, आंबा उचलायचा, पुसून मला द्यायचा. मी अकरा आंबे खाल्ले. पुण्याला शिकत असताना एवढ्या आंब्यांवर आमच्या अख्ख्या खोलीचा महिना निघाला असता. वर पोचलो तेव्हा डोंगरांच्या रांगा निळ्या-निळ्या होत गेलेल्या दिसल्या आणि मी दगडावर बसून नुसतीच हसत राहिले. रावजी म्हणाला, "विरळ हवा डोक्यात जाते कधी कधी."

आम्ही काळू नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरलो. त्याची बायको गेलेली. घरात तो आणि त्याची तेरा-चौदा वर्षांची मुलगी, बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. कुठल्या सालच्या बुधवारी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी घामाने आणि आंब्याच्या रसाने चिकट झाले होते. अंगणात तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला. पाहुण्यांसाठी ठेवला असेल असं समजून मी तो कुडामागे नेला आणि आख्ख्या हंड्याने साबण लावून अंघोळ केली. प्रसन्न होऊन बाहेर आले तर अंगणात पाच-सहा माणसं उभी, सगळ्यांची नजर ओल्या मातीवर. बुधीने रिकामा हंडा उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ती वाटेला लागली.

"कुठे गेली ती?" मी रावजीला विचारलं.

"पाण्याला. खालच्या झऱ्यावर."

"लांब आहे?"

"येईल दुपारपर्यंत."

तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मला इतकी लाज वाटली की त्या चिखलाकडेच बघवेना. वाईला घाटावर बसून आम्ही नदीत नुसते पाय हलवत तास घालवतो.

बुधी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी मुली न्यायला आले आहे, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. हंडा उतरवून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. तिथे लहान-थोर सगळे एकमेकांना तूच म्हणतात. साहेब आला तरी तूच. माझ्या कानांना दोन दिवस ते खटकलं, मग आवडायला लागलं.

"तुझ्या घरी पाणी कथं हाय?" तिने विचारलं.

"वसतिगृहात? आवारातच विहीर आहे. दारापासून दहा पावलं."

"दहा?" तिने आपल्या पावलांकडे पाहिलं. "मंग मी येन."

शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायला मी जे अर्धं पान लिहून आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

आता बापाची संमती हवी. काळू समोर बसला. मी माझं भाषण म्हटलं, मुलगी सरकारला द्या, वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "चैतीला बलावतां." चैती म्हणजे तिथली धवळेरी. त्या डोंगरात लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवळेरी म्हणतात. चैतीने अर्ध्या डोंगराची लग्नं लावली होती. सुकलेली, काटक बाई, डोळे मात्र पोरीसारखे. धवळेरी कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र म्हटलं, गावातली वजनदार बाई असेल.

चैतीने मला नीट निरखलं आणि विचारायला सुरुवात केली. "नवऱ्याचा नाव काय?"

"कुणाच्या?"

"ज्याला पोर पाह्यजे त्याच्या."

"पोर तर सरकारला हवी आहे."

"बरं. वय काय त्याचा?"

"सरकारचं?" मी गोंधळले. "नवंच आहे. पाच-सहा वर्षं."

"ना बायका किती?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंब्याखालचा म्हातारा, वारा घालणाऱ्या बायका, 'दर सालाला', सगळं एकदम आठवलं. मी रावजीकडे पाहिलं. रावजी समोरच्या सागाच्या झाडाचा अभ्यास करत होता.

"रावजी, तुम्हाला हे कळलं होतं?"

"जामसरलाच, बाईसाहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, सरकारचं तसंच काही ठरलं असेल. राजांच्या वेळेला आम्ही विचारत नव्हतो."

मी कपाळाला हात लावला आणि मला हसू फुटलं. मग पाच वर्षांच्या नवऱ्याची, त्याच्या दहा बायकांची आणि गाठ न पडण्याची हकिगत चैतीला सांगितली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि बुधीला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

हसून झाल्यावर मी साध्या शब्दांत सांगितलं. शाळा आहे, मुली तिथे राहतील, शिकतील, सुट्टीला घरी येतील. आता त्यांना नीट कळलं, आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. काळू म्हणाला, "पोर गेली तं पाणी कोण भरल?" शिवाय खालच्या पाड्यावरून बुधीला खरीखुरी मागणी आली होती, पाऊस लागायच्या आत होय-नाही सांगायचं होतं. मुलगी लग्न होऊन गेली तरी पाणी कोण भरणार हा प्रश्न उरतोच, असं मी म्हटलं.

"त्यात देज मिळतं," काळू म्हणाला.

देज म्हणजे नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं. धान्य, लुगडी, जे ठरेल ते. घरातलं कामाचं माणूस जातं, त्याची भरपाई. माझ्या लग्नात वडिलांनी हुंड्यासाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवले ते मी पाहिलेलं आहे. आमच्याकडे मुलगी हे ओझं, आणि उतरवून घेणाऱ्याला वर दक्षिणा. इथे फाटक्या बंडीतला हा माणूस सांगत होता की माझी पोर नेतेस तर माझं नुकसान होतं. मला त्याचा राग येईना. मला बुधीचा हेवा वाटला.

"मागणी तं तू घातलीस," चैती म्हणाली. "आता देज बोल."

"सरकारकडे देजाची तरतूद नाही."

"मंग घरोर बस."

रावजीने खुलासा केला. ज्या मुलाची देज द्यायची ऐपत नसते, तो मुलीच्या घरी राहून काम करतो. त्याला घरोर म्हणतात. सासऱ्याला काम पसंत पडलं की मुलगी मिळते.

"तीन दिस पाणी भर," चैती म्हणाली. "मंग बोलू."

माझं वय तेव्हा चौतीस होतं आणि अंगाने मी वाईच्या पेढ्यांवर पोसलेली होते. पण सकाळची ती ओली माती डोळ्यांसमोर होती. मी हो म्हणाले.

घरोर

झऱ्यावर पाणी म्हणजे खडकातल्या वाटीएवढ्या खळग्यात साचणारं. करवंटीने ते भरायचं, थांबायचं, पुन्हा साचलं की भरायचं. बायका ओळीने बसून गप्पा मारतात. मी जाण्याआधीच बातमी पोचली होती. सरकार पाणी भरायला येतंय हे बघायला दोन पाडे लोटले होते. मला नंबर सोडून पुढे जा म्हणाल्या. मी म्हटलं, घरोराने नंबर सोडू नये. त्या खूश झाल्या.

पहिल्या दिवशी मी दोनदा ठेच खाल्ली आणि वर पोचले तेव्हा हंड्यात जेमतेम तांब्याभर पाणी होतं. बाकीचं माझ्या लुगड्यात. चैतीने हंड्यात बोट घातलं, ते ओलं झालं का पाहिलं आणि म्हणाली, "वास तं आला पाण्याचा." सगळा पाडा हसला आणि मीही हसले. माझ्या आयुष्यात मला इतकी माणसं एकदम हसली नव्हती. वाईट कसं वाटलं नाही याचंच नवल करत मी आंबिलीचे दोन वाडगे प्याले. नाचणी आंबवून केलेली ही पातळ पेज उन्हातून आल्यावर जी लागते, ती लागते.

दुसऱ्या दिवशी बुधीने मला हाताखाली घेतलं. "पायाखाली नको नांगू," ती म्हणाली. नांगणं म्हणजे बघणं. "फुडं नांग. मान ताठ ठेव, बाई. पाय आपले आपले जातात." तिच्यामागून मी चालत राहिले. वाटेत तिने मला वाकड्या फांदीवरचं मोहोळ दाखवलं, मोराची हाक ओळखायला शिकवलं आणि विहिरीबद्दल पुन्हापुन्हा विचारलं. कठडा दगडाचा की मातीचा, रहाट आहे का, रात्री झाकतात का. त्या दिवशी अर्धा हंडा पोचला.

तिसऱ्या दिवशी चढणीच्या मध्यावर मागे खाकरणं ऐकू आलं. मान वळवता येत नव्हती, म्हणून मी तशीच चालत राहिले. वर पोचून हंडा उतरवला, तो गळ्यापर्यंत भरलेला होता. मागून काळू येत होता. त्याच्या खांद्यावर दुसरा हंडा. त्या डोंगरात पुरुष पाणी भरत नाहीत.

काळूने हंडा माझ्या हंड्याशेजारी ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "सरकार भरतं तं मी का नको भरूं? भरन मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन हंड्यांचं पाणी कमी पडलं म्हणून भर घालतेय की काय, अशा नजरेने चैती माझ्याकडे बघून हसली.

मग बोलणी रीतसर झाली. चैतीने बुधीला समोर उभं केलं आणि विचारलं, जातेस का? बुधी म्हणाली, जान. अटी दोन ठरल्या. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी, मुलींना घरी सोडायचं. आणि दिवाळीला, वाईला जाण्याआधी, मी स्वतः पोचवायला यायचं. खालच्या पाड्याला काय सांगायचं, असं काळूने विचारलं. चैती म्हणाली, "सांग, पोरीला मोठ्या घरची मागणी लागली."

निघताना तिने मला बाजूला घेतलं. "पोर नाय नांदली तं माघारी येल. आमच्यात त्याची लाज नाय."

ती हे बुधीबद्दल बोलत होती. मला मात्र माझी एकोणिसाव्या वर्षीची वाई आठवली. नवरा गेल्यावर मी माघारी आले, तेव्हा वर्षभर मागच्या दाराने जात-येत होते. पुढच्या दाराने जाऊ नकोस असं मला कुणी म्हणालं नव्हतं. माघारी येण्यात लाज नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. मी चैतीच्या पाया पडले. तिला ते विचित्र वाटलं असावं, कारण तिने मला उठवून एक आंबा दिला.

परतीच्या वाटेवर

सूर्यमाळच्या चार मुली मिळाल्या. उतरताना आम्ही जिथे जिथे थांबलो, तिथे आमच्या आधी बातमी पोचलेली. मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यांवर तीन मुली मिळाल्या. जामसरचा म्हातारा वाटेतच उभा होता. "पोरगा नाय ना?" त्याने आधी खात्री करून घेतली, मग आपल्या नातीसकट तीन मुली लावून दिल्या. शाळा उघडली त्या दिवशी मोजून दहा मुली हजर होत्या. बुधीने पहिल्या दिवशी विहीर पाहिली, दारापासून पावलं मोजली आणि येऊन मला सांगितलं, "चौदा हायेत." मी माफी मागितली.

श्रावणाच्या आधी आवणीची वेळ आली. मी रजा मागितली. साहेबांचं उत्तर आलं, आवणीची रजा नियमात नाही. मी कळवलं की बोलणी झाली आहेत, शब्द मोडला तर मागणी मोडेल. आठ दिवस काहीच आलं नाही. मग एका ओळीचा कागद आला, 'विशेष बाब म्हणून मंजूर.' मुली घरी गेल्या आणि वीस ताटांचं घर एकदम मुकं झालं.

ठरल्या दिवशी नऊ मुली परत आल्या. बुधी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खालच्या पाड्याची माणसं पुन्हा येऊन गेल्याचं एका मुलीने सांगितलं. माघारी जाण्यात लाज नाही हे मला पटलेलं होतं, तरी मी दिवसभर फाटकाशी काम काढत होते. तिसऱ्या दिवशी रावजी म्हणाला, "बाईसाहेब, गंजलेली कडी आहे ती. किती घासाल?"

चौथ्या दिवशी दुपारी ती आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, हाताच्या नखांत माती, आणि मागे एक बुटकी, घाबरलेली मुलगी.

"इतके दिवस कुठे होतीस?" मी ओरडलेच.

"हिच्या बाहासला समजावत होतां." बाहास म्हणजे बाप. "आला समजून. पण हिचा देज बाकी हाय. चैती सांगं, उन्हाळ्यात तूच ये. सहा दिस."

"सहा? तुझे तर तीनच होते."

"हिचा घर आणखी वर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले, हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि दाराकडे चालायला लागले. उंबऱ्यात बुधी उभी होती. तिच्या मागे ती नवी मुलगी, तिच्या मागे बाकीच्या नऊ. चौदा पावलांत मी दोनदा डगमगले.

"मान ताठ, बाई," बुधी म्हणाली. "फुडं नांग."